चूक हाताची नाही, आवाज मागून येतोय

पत्र:

मावसभाऊ अमेरिकेतून कायमचा परत आला आणि त्याने रॉक बँड या व्हिडिओ गेमचा जुना सेट आम्हाला देऊन टाकला. प्लॅस्टिकची गिटार, चार पॅडचा ड्रम, माइक. सोबत गिटार हिरो या तशाच गेमची एक लेस पॉल नमुन्याची गिटार आहे, तिचा दांडा काढता येतो. प्लेस्टेशन ३ बंद पडलेला होता म्हणून लॅपटॉपवर यार्ग हा तसाच खेळ टाकला. हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआय लावली आणि आवाजाला ब्लूटूथ स्पीकर. आम्ही चौघं मित्र खेळतो, पण मजा येत नाही. आमच्यातला एक भजनाला, लग्नाच्या गाण्यांना ढोलकी वाजवतो. ड्रमवर बसवला तर सगळ्यात जास्त तोच चुकतो. ज्याला टाळही धरता येत नाही तो गिटारवर बरा चालतो! ‘तुझा हात जड आहे भो’ असं ऐकून ऐकून ढोलकीवाला आता बसायलाच तयार नाही. ड्रमच्या पायाचा ठोका कधी लागतो, कधी नाही. खालच्या मजल्यावरचे काका तक्रार घेऊन आले होते. लेस पॉलचा डोंगल (बिनवायरच्या गिटारचा सिग्नल घेणारा यूएसबीचा तुकडा) हरवलाय, आणि तिचं हिरवं बटण मध्येच जातं असं भाऊ म्हणतो. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला सगळं घर गावी जमतं, तोवर हे नीट सुरू व्हायला हवं. आमच्या मावश्या म्हणतात ती कानबाईची गाणी यात घालता येतील का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर:

आधी हे उत्तर तुमच्या ढोलकीवाल्या मित्राला वाचून दाखवा. त्याचा हात जड नाही. चौघांत लयीला पक्का तोच आहे आणि नेमका त्यामुळेच चुकतोय.

हिशेब बघा. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात. त्याच लयीत एका ठोक्यात चार नोटा (वाजवायच्या, पडद्यावर सरकत येणाऱ्या रंगीत खुणा) आल्या तर दोन नोटांमध्ये उरतात १२५. तुमचा ठोका बरोबर धरायला यार्ग किंवा क्लोन हिरोसारखा खेळ नोटेच्या मागे-पुढे साधारण ७० मिलिसेकंदांची मुभा देतो. ब्लूटूथ स्पीकर मात्र लॅपटॉपमधून निघालेला आवाज तुमच्या कानापर्यंत आणायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद घेतो. ज्याचा कान तयार आहे तो ऐकून वाजवतो; वर्षानुवर्षांची सवय आहे ती. त्याला आवाज २०० मिलिसेकंद उशिरा येतो, तो त्या आवाजावर अगदी बरोबर ठोका देतो आणि खेळाच्या लेखी तो ठोका नोट निघून गेल्यावर पडलेला असतो. ज्याला टाळ धरता येत नाही तो कानाकडे लक्षच देत नाही. पडद्यावरची नोट रेषेला टेकली की बटण दाबतो. टीव्हीचा उशीर बहुधा मुभेच्या आत बसतो, म्हणून त्याचं जमतं.

तेव्हा कोण काय वाजवणार हा वाद बाजूला ठेवा आणि आवाजाची वायर लावा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून साधी ३.५ मिलिमीटरची ऑक्स केबल होम थिएटरला किंवा वायरवर चालणाऱ्या कुठल्याही स्पीकरला. घरातलं होम थिएटर टीव्हीतून आवाज घेत असेल तर तसं ठेवू नका. आवाज आधी टीव्हीत जातो, तिथे त्याच्यावर प्रक्रिया होते, मग स्पीकरकडे येतो. उशिराची भर पडतच जाते. होम थिएटरवर ‘सराउंड’, ‘थ्रीडी’ असली बटणं असतील तर तीही बंद करा. कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे उशीर मोजून भरून काढायच्या सेटिंगमध्ये, मोठा आकडा टाकून ब्लूटूथ सांभाळून घेता येईल असं कुणी सुचवेल. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असल्याने कागदावर ते खरंही आहे. पण ब्लूटूथचा उशीर दर वेळी तेवढाच राहत नाही. स्पीकर बंद करून पुन्हा जोडला की तो बदलू शकतो, आणि काल लावलेला आकडा आज खोटा ठरतो. शिवाय चुकलात की खेळ तुमच्या वाद्याचा आवाज तोडतो. तो तुटलेला आवाज उशिरा ऐकू आला तर कुठली नोट चुकली हेच कळत नाही.

आता टीव्ही. त्याच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम’ मोड असतो, तो लावा. नसेल तर त्या एचडीएमआयला ‘पीसी’ असं नाव देऊन बघा. बऱ्याच टीव्हींमध्ये तेवढ्यानेही चित्रावरची प्रक्रिया कमी होते. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग असेल तर ते आवर्जून बंद करा. ते पुढची फ्रेम हातात येईपर्यंत आधीची दाखवत नाही आणि खेळाचा घात तिथेच होतो. खेळाच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक (चित्राचा वेग पडद्याशी जुळवणारं सेटिंग) बंद केल्यावर चित्र थोडं फाटल्यासारखं दिसेल, पण उशीर आणखी कमी होईल. डोळ्याला ते खटकत नसेल तर बंदच राहू द्या.

एवढं झाल्यावर कॅलिब्रेशन, आणि ते ढोलकीवाल्याने करायचं. त्याच्यासारखा स्थिर हात दुसऱ्या कुणाचा नाही. खेळात दोन आकडे असतात, एक आवाजाचा, एक चित्राचा. आवाजाचा काढताना डोळे मिटून फक्त टिकटिक ऐकत ठोके द्यायचे, पंचवीस-तीस तरी. चित्राचा बसवताना आवाज पूर्ण बंद करून फक्त पडद्याकडे बघायचं. दोन्ही दोन-तीनदा करा. आकडे १०–१५ मिलिसेकंदांच्या आत येत असतील तर त्यांची सरासरी टाका. त्याहून जास्त फरक पडत असेल तर हात डळमळतोय किंवा लॅपटॉप अडखळतोय.

लॅपटॉप अडखळणं ही आपल्याकडे खरी अडचण आहे. मे महिन्यात भुसावळचा पारा ४४–४५ वर जातो, तेव्हा लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि ऐन गाण्यात चित्र धक्के देतं. लॅपटॉप गादीवर किंवा सोफ्यावर ठेवू नका. खाली दोन पट्ट्या घालून टेबलावर उचलून ठेवा आणि टेबल फॅनचा वारा त्याच्याकडे वळवा. चार्जर लावलेलाच असू द्या. लाइट गेली की बरेच लॅपटॉप आपोआप बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये जातात आणि चित्र अडखळायला लागतं. इन्व्हर्टरवर खेळणार असाल तर तो मोड हाताने बंद करून घ्या.

आता वाद्यांकडे वळू. पहिलं गिटार हिरो २००५ साली आलं, पहिलं रॉक बँड २००७ साली, आणि प्लेस्टेशन ३ साठीचे हे सेट त्यानंतरच्या तीन-चार वर्षांतले. त्यांतलं रबर, स्प्रिंग, गोंद या सगळ्यांचं वय झालंय. नवी गिटार मिळते. रिफमास्टर नावाची घडी होणारी गिटार २०२४ मध्ये बाजारात आली. पण हातात दोन गिटारी असताना आधी त्यांनाच सुधारा. प्लेस्टेशन ३ च्या वाद्यांत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: प्रत्येक वाद्याचा डोंगल वेगळा. गिटारच्या डोंगलवर ड्रम चालत नाही. आजच वाद्याला आणि त्याच्या डोंगलला एकाच रंगाच्या नेलपॉलिशचा ठिपका लावा. लेस पॉलचं जे झालं ते बाकीच्यांचं व्हायला नको.

लेस पॉलचं हिरवं बटण जाण्याचं कारण बहुतेक वेळा दांड्याच्या बुडाशी सापडतं. दांडा जिथे अंगात बसतो तिथे धातूच्या छोट्या टोच्या आणि त्यांच्यासमोर पट्ट्या असतात. पाचही बटणांचा सगळा निरोप तेवढ्या जागेतून जातो. धूळ, घाम आणि काळपटपणा साचला की एखादं बटण मध्येच बंद पडतं, आणि दांडा हलवला की परत चालू होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं; जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ‘आयपीए’ म्हणून मागितलंत तरी देतील. कापसाच्या काडीने दोन्ही बाजू पुसा. डाग हटत नसेल तर शाळेच्या खोडरबराने हलक्या हाताने घासून पुन्हा पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. थिनर, पेट्रोल, अत्तर यातलं काही वापरू नका. थिनर आणि पेट्रोलने प्लॅस्टिक विरघळतं आणि अत्तराचा चिकट थर मागे राहतो. पुसूनही दांडा सैल वाटत असेल तर सांध्यात जाड कागदाची एक घडी घाला, म्हणजे टोच्या पट्ट्यांवर दाबून बसतील.

सांधा स्वच्छ करूनही बटण जात असेल तर दांडा उघडा. काही स्क्रूंची खाच ताऱ्याच्या आकाराची असते, त्यासाठी मोबाइल दुरुस्तीचा पेचकस संच लागेल. आत रबराची पट्टी दिसेल आणि प्रत्येक बटणाखाली त्या रबरावर काळा गोल ठिपका. तो ठिपका खालच्या सर्किटला टेकला की बटण लागतं. सर्किटची बाजू अल्कोहोलने पुसा. काळा ठिपका मात्र कोरड्या कापडाने नुसता टिपून घ्या. तो घासला की झिजतो आणि मग बटण कायमचं जातं.

हरवलेल्या डोंगलचा उपाय आहे, आणि तो डोंगल शोधत फिरण्यापेक्षा स्वस्तही पडतो. रास्पबेरी पाय पिको नावाचा छोटा बोर्ड चार-पाचशे रुपयांत ऑनलाइन मिळतो. तो गिटारच्या पोटात बसवून गिटार वायरवाली करायची. पाच फ्रेट बटणं (दांड्यावरची रंगीत), स्ट्रम (तार छेडल्यासारखी मारायची पट्टी) वर, स्ट्रम खाली, स्टार्ट आणि सिलेक्ट अशा नऊ वायरी होतात. प्रत्येक स्विचचं एक टोक पिकोच्या एकेका पिनेला, म्हणजे जीपी ० ते जीपी ८ पर्यंत, आणि सगळ्यांची दुसरी टोकं एकत्र करून ग्राउंडला. व्हॅमीच्या, म्हणजे सूर हलवायच्या, दांडीखाली फिरतं पोटेन्शिओमीटर असतं. त्याची कडेची दोन टोकं ३.३ व्होल्टला आणि ग्राउंडला, मधलं टोक जीपी २६ ला. या बोर्डवर अ‍ॅनालॉग वाचन जीपी २६ ते २८ याच पिनांवर होतं. मग बोर्डवरचं बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी लावायची. पिको पेन ड्राइव्हसारखा दिसू लागतो, त्यावर सॅनट्रोलर हे मोफत फर्मवेअर (बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम) चढवायचं आणि त्याच्या सेटिंगमध्ये कुठली पिन म्हणजे कुठलं बटण ते सांगायचं.

इथे काय फसतं तेही आधीच सांगतो. चार्जिंगपुरती चालणारी केबल लावली तर लॅपटॉपला बोर्ड दिसतच नाही; डेटा जाणारी केबल हवी. जुन्या बोर्डाला लागलेले स्विच त्याच्यापासून तोडून मगच पिकोला जोडा, नाहीतर दोन्ही बोर्ड एकमेकांत लुडबुड करतात. पेन्सिल सेल काढून टाका. केबल बाहेर निघते तिथे आतल्या बाजूने गाठ मारा. कुणाच्या पायात अडकली तर ओढ गाठीवर येईल, सोल्डरवर येणार नाही. ही पद्धत या लेस पॉलसाठी आहे. दांड्यावर बोट फिरवायची पट्टी असलेल्या नंतरच्या गिटारींत दांड्याचं वायरिंग निराळं असतं, तिथे हीच जोडणी चालत नाही.

स्ट्रम एकदा मारला आणि दोनदा लागला असं होत असेल तर आतल्या स्विचची पट्टी थरथरतेय. सॅनट्रोलरमध्ये स्ट्रमचा डीबाउन्स (एका स्ट्रमनंतरची थरथर न मोजण्याचा वेळ) असतो, तो १५–२० मिलिसेकंदांवर ठेवा. वर बघितलं तसं झपाट्याच्या नोटांमध्येही १२५ मिलिसेकंदांचं अंतर असतं, त्यामुळे खरा स्ट्रम यात हरवत नाही. तरीही थांबलं नाही तर स्विच बदलायचा.

ड्रमचा पाय. पेडलच्या आत एक छोटं चुंबक आहे आणि त्याच्यासमोर काचेच्या नळीतला रीड स्विच. पाय खाली आला की चुंबक स्विचजवळ येतं आणि ठोका लागतो. पुढचा ठोका लागायला चुंबक तिथून पुरतं दूर जायला हवं. नवशिका माणूस ठोका मारून पाय दाबूनच ठेवतो. पेडल अर्धवट वर येतं आणि पुढचा ठोका वाया जातो. म्हणून टाच जमिनीला टेकवा, चवड्याने मारा आणि लगेच सोडा. असं करूनही ठोके चुकत असतील तर चुंबक सरकलंय का, स्प्रिंग बसलीय का ते बघा. पेडलपासून ड्रमकडे जाणारी वायर साध्या ३.५ मिलिमीटर पिनेची असते. ती पिन भोकात फिरवल्यावर ठोका येत-जात असेल तर पेडल उघडायची गरज नाही, पिनच पुसा. पेडल फरशीवर पुढे सरकतं हीसुद्धा मोठी तक्रार असते. खाली रबरी पायपुसणं घाला आणि वेल्क्रोच्या पट्टीने पेडल ड्रमच्या आडव्या नळीला बांधा. पहिल्या रॉक बँडचं पेडल निव्वळ प्लॅस्टिकचं होतं आणि जोरात मारणाऱ्यांच्या पायाखाली मधोमध तुटायचं. तुमचं त्यातलं असेल तर तुटायची वाट बघू नका; वरून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चार स्क्रूंनी आजच बसवून घ्या.

पॅडांच्या पोटाला आतून पितळी चकती चिकटवलेली असते, पिझो. काठीचा हादरा तिच्यापर्यंत पोहोचतो, त्याची वीज होते आणि ठोका नोंदला जातो. एक पॅड मारलं की शेजारचंही लागतं असं झालं तर आधी पॅडचे सगळे स्क्रू आवळा. सैल सांगाड्यातून हादरा इकडून तिकडे जातो. एखादं पॅड पूर्ण मुकं झालं असेल तर चकतीची वायर सुटलेली असते. सोल्डरचा एक ठिपका पुरतो, पण सोल्डरिंग आयर्न चकतीवर दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका.

खालच्या काकांना काठ्यांचा खटखटाट क्वचितच ऐकू जातो. त्यांना त्रास होतो तो पायाचा, कारण पेडलचा प्रत्येक दणका फरशीतून थेट त्यांच्या छतात उतरतो. ड्रम आणि पेडल दोन्ही मावतील एवढा प्लायवूडचा तुकडा घ्या, त्याच्याखाली जाड फोम किंवा दोन जुन्या गोधड्या घाला आणि प्लायवूड भिंतीला टेकू देऊ नका. पॅडांवर ३ मिलिमीटरचा माऊसपॅड गोल कापून डबल टेपने चिकटवा. खटखट निम्म्याहून कमी होईल आणि काठी छान उसळेल. हलके ठोके नोंदायचे राहू लागले तर माऊसपॅड जाड आहे, पातळ लावा. एवढं केल्यावरही दुपारच्या झोपेची वेळ आणि रात्री दहानंतरचा वेळ सोडून द्या, आणि ते काकांना आपणहून जाऊन सांगून या.

आता ढोलकीवाल्याला परत बसवा. आवाज वेळेवर यायला लागला की पहिल्याच गाण्यात फरक दिसेल. तरी त्याला दोन सवयी सोडाव्या लागतील. ढोलकीत मोकळी जागा दिसली की हात आपसूक भरणा करतो, आणि तीच तर ढोलकीची शोभा. इथे पडद्यावर नोट नसताना पडलेला ठोका चूक धरला जातो आणि कॉम्बो (सलग बरोबर लागलेल्या नोटांची साखळी) तुटतो. दुसरं, बोटांऐवजी काठी. ती मुठीत आवळायची नाही. अंगठा आणि तर्जनीत सैल धरायची आणि उसळू द्यायची. लाल पॅड डाव्या हाताला, पिवळं उजव्या हाताला, हात ओलांडायचे नाहीत. पहिले काही दिवस एकच ठेका: पिवळ्यावर सतत आठ, लाल दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, पाय पहिल्या आणि तिसऱ्यावर. केहरव्यावर ज्याचा हात चालतो त्याला हे अर्ध्या तासात बसेल. मग हाताला आणि पायाला वेगवेगळं चालवायचं शिकायला मोकळा.

गिटारवाल्यांना एकच आग्रह: नोटांचा वेग वाढवा. हळू सरकणाऱ्या नोटा सोप्या असतील असं वाटतं, पण हळू म्हणजे त्या एकमेकांना चिकटून येतात आणि कुठली आधी, कुठली नंतर हे ओळखता येत नाही. वेग वाढला की त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि ताल डोळ्यांना दिसतो. गाण्याची लय तीच राहते. ईझी पातळीत हिरवं, लाल, पिवळं एवढंच, मीडियमला निळं येतं आणि हार्डला केशरी. केशरीपर्यंत करंगळी नेताना सगळा हात एक घर सरकवायचा की करंगळी ताणायची हे एकदा ठरवा आणि तेच ठेवा. स्ट्रम खाली-वर असा आलटून पालटून मारा, नुसता खाली मारत राहिलात तर झपाट्याच्या जागी मनगट आखडतं. ज्या नोटांचा माथा जास्त उजळ दिसतो त्या आधीची नोट बरोबर लागली असेल तर स्ट्रम न मारता नुसत्या बोटाने लागतात; हे कळलं की अवघड वाटणारी निम्मी गाणी हातात येतात. अडणारा तुकडा सरावाच्या मोडमध्ये ७० टक्के वेगाने वाजवा. चौघांनी एकाच पातळीवर खेळायचं बंधन नाही, ज्याची त्याची पातळी वेगळी ठेवता येते. कानबाईला लहान पोरं बसतील तेव्हा नापास न होण्याचा मोड लावून टाका.

माइकवर सूर तपासला जातो, सप्तक नाही. मावशी वरच्या सप्तकात म्हणोत की काका खालच्या, खेळाला दोन्ही सारखंच. पण एका माइकवर एकाच वेळी एकानेच म्हणायचं. दोन गळे एकत्र आले की सूर कोणता धरायचा हे त्याला कळत नाही. माइक तोंडापासून दोन-तीन बोटं आणि स्पीकरच्या मागच्या बाजूला ठेवा, नाहीतर तो स्पीकरमधलंच गाणं ऐकतो. स्वतःचा आवाज स्पीकरमधून ऐकवण्याचं सेटिंग बंद ठेवा. स्वतःचाच आवाज मागून आला की चांगला गाणारासुद्धा डळमळतो.

कानबाईची गाणी घालता येतील, आणि ती घालाच असं आम्ही मनापासून सांगतो. घरच्या बायकांनी म्हटलेलं गाणं तुम्हीच रेकॉर्ड केलेलं असेल तर बाजारातल्या रेकॉर्डिंगच्या हक्कांचा प्रश्नही येत नाही. कसोटी लागते ती लयीची. बायका ओवीत रंगल्या की गाणं हळूहळू चढतं, आणि खेळाला तर प्रत्येक ठोका कुठे पडतो ते नेमकं सांगावं लागतं. सोपी वाट अशी की ढोलकीवाल्याच्या एका कानात मेट्रोनोम (ठरलेल्या लयीची टिकटिक) द्यायचा, त्याने त्यावर ठेका धरायचा आणि मावश्यांनी त्याच्या ठेक्यावर म्हणायचं. मेट्रोनोम मावश्यांना देऊ नका, गाण्यातला जीव जाईल. पंखा बंद करून, फोन दोन हात अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा. गाण्याआधी दोन-तीन सेकंद शांतता ठेवा, म्हणजे पडद्यावर पहिली नोट यायला जागा मिळेल.

रेकॉर्डिंग ऑडेसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये ओजीजी फाइल करून घ्या आणि मूनस्क्रेपर या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. आधी लय बसवा, मग नोटा. मेट्रोनोमवर म्हटलेलं असेल तर एकच आकडा पुरतो. जुनं, मोकळ्या लयीतलं रेकॉर्डिंग असेल तर प्रत्येक आवर्तनाच्या समेवर नवा आकडा टाकत जायचं. काम किचकट आहे, पण ते टाळलं तर अर्ध्या गाण्यानंतर नोटा आणि आवाज वेगळ्या वाटेला लागतात. दादरा अंगाचं गाणं ४/४ मध्ये मांडू नका, ६/८ ठेवा, नाहीतर पडद्यावरच्या जाड रेषा भलत्याच मात्रेवर येतील आणि ढोलकीवाला पुन्हा गोंधळेल. ढोलकीची धुम पायाला द्या, चाटी पिवळ्याला, टाळ्या लालला. गिटारवर चाल मांडा: सूर चढला की नोट उजवीकडे, उतरला की डावीकडे. पोरांसाठी ईझीमध्ये मात्रेला एकापेक्षा जास्त नोट ठेवू नका.

गायनाच्या नोटा मूनस्क्रेपरमध्ये होत नाहीत. त्यासाठी रीपर या संगीताच्या प्रोग्रॅममध्ये मिडी फाइल (सुरांच्या नोंदींची) करावी लागते. त्यात ‘पार्ट व्होकल्स’ नावाचा ट्रॅक, नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत. सूर ३६ ते ८४ या क्रमांकांच्या नोटांवर मांडायचे, प्रत्येक अक्षर आपापल्या नोटेवर बसवायचं, आणि एका ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत १०५ क्रमांकाची एक लांब नोट, म्हणजे ओळ कुठे संपते ते खेळाला कळतं. वेळ कमी असेल तर पहिल्या वर्षी ड्रम आणि गिटार एवढंच करा, आणि मावश्यांना माइकशिवाय सोबत म्हणू द्या. गाणं तयार झाल्यावर ते ज्याने मांडलं त्याच्याकडून तपासून घेऊ नका, त्याला सगळं पाठ असतं. टाळ न धरता येणाऱ्या तुमच्या मित्राला मीडियमवर वाजवायला द्या आणि तो कुठे अडखळतो ती जागा लिहून घ्या. बहुतेक वेळा तिथे नोट अर्धी मात्रा पुढे-मागे पडलेली निघते.